काळीचा पालट

सिल्वेत आझेमाला काळजी करायला कारण लागायचं नाही. वाईनच्या कोठाराला कुलूप लावलं की ती चार पावलं जायची, परत यायची, कुलूप ओढून बघायची, आणि पुन्हा चार पावलं जायची. तेहतीस वर्षं हेच. मास बर्तोमियूच्या मळ्यावर सगळ्यांना त्याची सवय होती. ट्रॅक्टरवाला जिनेस तर तिला बघितलं की ओरडायचाच, "अगं सोड त्या कुलपाला! गळा धरतेस त्याचा!" पण या मार्चात तिच्याकडे खरंखुरं कारण होतं, आणि ते तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं.

दक्षिण फ्रान्समधल्या बेझिए शहराच्या वरच्या अंगाला, टेकड्या सुरू होतात तिथं हे मास बर्तोमियू. प्रस्थ काही मोठं नाही. एक दगडी घर, एक कोठार आणि द्राक्षांचे पाच तुकडे. पण हे पाच तुकडे म्हणजे पाच सवतीच. एकाखाली पाटीचा दगड, तो तुकडा 'पाटी'. एक पांढराफटक, तो 'चुना'. ओढ्याकाठचा 'गोटे'. रस्त्यालगतची 'तांबडी', पाऊस झाला की बूट गिळणारी. आणि सगळ्यात वर, जुन्या ज्वालामुखीच्या काळ्या कातळावर बसलेली 'काळी'. पाचही ठिकाणी वेली त्याच, सिरा जातीच्या. छाटणारे हात तेच, पिंपं एकाच कारागिराची. तरी पाच वाईन पाच तोंडांच्या, म्हणून पाचही वेगळ्या ठेवायच्या आणि प्रत्येक पिंपावर खडूनं नाव घालायचं, ही म्हाताऱ्या मालकांची, उर्बेंची, शिस्त होती.

त्यात काळी भारी हट्टी. बाकीच्या चौघी डिसेंबरात बोलायला लागतात, ही बाई तोंड मिटून बसते. नुसती मिटून बसत नाही, घाण मारते. पिंपाचं बूच काढलं की सडक्या अंड्याचा भपकारा. नवख्याला वाटावं, गेली ही, गटारात ओता. पण तसं नसतं. तिचा जीव आत कोंडलेला असतो, तिला हवा लागते. मार्चमध्ये वरची निवळ वाईन दुसऱ्या पिंपात ओढून घ्यायची, खालचा गाळ टाकून द्यायचा, त्या ओढाओढीत तिला वारा लागतो आणि पंधरवड्यात ती अशी काही उमलते की बाकीच्या चौघींनी पदर तोंडाला लावावा. याला कोठारात पालट म्हणतात. काळीचा पालट हे सिल्वेतच्या वर्षातलं सगळ्यात मोठं काम होतं.

पालटाला वारा बघावा लागतो. समुद्राकडून खारा वारा सुटला असेल तर पिंपाला हात लावायचा नाही, हवा जड होते, गाळ खालून वर चढतो, वाईन गढूळ होते. डोंगराकडून वरचा वारा सुटला, आभाळ खणखणीत झालं, गाळ तळाला बसला, की पालट करायचा. आणि चंद्र उतरता हवा. चढत्या चंद्रात वाईन अस्वस्थ असते. हे सगळं सिल्वेतला उर्बेंनी शिकवलं होतं. कोठाराच्या दारामागं पोस्टमननं नाताळात दिलेलं कॅलेंडर टांगलेलं असायचं आणि त्यावर ती चंद्राच्या खुणांना लाल पेन्सिलीनं गोल करायची.

आता तिचं कारण सांगतो. मार्चच्या चार तारखेला वरचा वारा सुटला. चार आणि पाच, दोन दिवस असा सुंदर कोरडा वारा, की दोरीवरची चादर तासाभरात कडकडीत. गाळ तळाला गप्प. पंप धुऊन तयार. आणि सिल्वेतनं कॅलेंडर बघितलं तर चंद्र चढता. पौर्णिमेला अजून चार दिवस. तिनं विचार केला, वारा काय, परत येईल, चार दिवसांनी चंद्र उतरायला लागेल, तेव्हा करू. बाकीच्या चौघींचा पालट फेब्रुवारीत झालाच होता. काळीसाठी तिनं चंद्राची वाट बघितली. आठ तारखेला समुद्राचा वारा सुटला आणि नंतर थांबलाच नाही. रोज ओलसर, चिकट, खारट हवा. कोठाराची फरशी घाम फुटल्यासारखी ओली. उतरता चंद्र सगळा त्या वाऱ्यात वाया गेला.

एवढंच असतं तरी निभावलं असतं. पण खारा वारा सुटला त्याच आठवड्यात ब्लांदीन आली.

ब्लांदीन म्हणजे उर्बेंची पुतणी. उर्बें एकोणनव्वद वर्षांचे, डोळे जवळजवळ गेलेले, खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात. मूलबाळ नाही, म्हणून जमीन पुतणीकडे आली. लहानपणी सुटीत यायची तेव्हा सिल्वेतच्या मागं मागं हिंडायची, द्राक्षं चोरायची, तोंड जांभळं करून यायची. आता चाळिशीची बाई, कामाला लख्ख, बोलायला तोडून. सिल्वेत तिला तुम्ही म्हणायला लागली होती, आणि तिनंही 'अगं तुम्ही कशाला' असं म्हटलं नव्हतं. ब्लांदीननं कागद टेबलावर ठेवला.

"पाच तुकडे मला झेपत नाहीत," ती म्हणाली. "तीन वर्षं पाऊस नाही, माणसं मिळत नाहीत. एक तुकडा उपटायचा, सरकार त्याचे पैसे देतंय. अर्जाची मुदत महिनाअखेर. चोवीसला वाईनचे जाणकार मॉस्यू केर्द्रों येणार आहेत, पाचही चाखू आणि ठरवू." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाचही पिंपांचा पालट झालाय ना?"

आता बघा, नाही म्हणायला किती वेळ लागतो? पण सिल्वेतच्या तोंडचं पाणी पळालं. दोन दिवस चांगला वारा होता आणि मी चंद्र बघत बसले, हे या बाईला सांगायचं? ती काय म्हणेल? म्हणेल, एकोणसाठ वर्षांची झालीस, घरी बस. सिल्वेतनं मान हलवली. हो. झालाय.

अर्जावर जागेचं नाव घालायची चौकट होती. तिथं पेन्सिलीनं, फिकट, लिहिलेलं होतं 'काळी?'.

त्या प्रश्नचिन्हानं सिल्वेतची झोप उडवली. काळी तिची होती म्हणा ना. कागदावर नव्हे. पण ती या भागात आली त्या वर्षी काळी लावली होती. ती उत्तरेची, बीटाच्या साखर कारखान्यातली पोर. सव्विसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर द्राक्षतोडणीला आली. आझेमा हे त्याचं आडनाव. तोडणी संपली तशी हा बाबा 'बंदरावर काम बघून येतो' म्हणून जो गेला तो गेला. आडनाव मागं राहिलं, आणि ही. उर्बेंनी तिला ठेवून घेतलं. त्या हिवाळ्यात दोघांनी कातळ फोडून, दगड वेचून, पहारीनं भोकं पाडून काळी लावली. एकेक रोप तिच्या हातचं. आता तेहतीस वर्षांच्या वेली, मनगटाएवढी खोडं, आणि तिच्या एका खोट्या मानेपायी उपटल्या जाणार.

त्या रविवारी ती नेहमीप्रमाणे उर्बेंकडे गेली. म्हातारा खिडकीशी बसलेला, गुडघ्यावर घोंगडी. ती खुर्ची ओढते न ओढते तोच पहिला प्रश्न.

"वारा कुठला, पोरी?"

"खारा, मालक."

"अजून? काळीचा पालट उरकलास ना त्याच्या आधी?"

"उरकला."

"शाब्बास," म्हातारा म्हणाला आणि समाधानानं डोळे मिटले. त्या माणसाशी सिल्वेत आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती.

पुढचे दिवस तिनं आभाळाकडे बघण्यात काढले. सकाळी उठली की बोट ओलं करून वर धरायचं. खारा. दुपारी परत. खारा. बुधवारी, चाखण्याच्या आदल्या दिवशी, तिनं पंपाची नळी काढून काळीच्या पिंपाला लावलीसुद्धा. आता वारा गेला खड्ड्यात, करूनच टाकू. मग दिवा पिंपाच्या तोंडाशी धरून बघितलं तर वाईन ढवळल्यासारखी, गाळ वर आलेला. आत्ता ओढली तर उद्या पेल्यात चिखल. तिनं नळी काढून घेतली.

जिनेस दारात उभा राहून बघत होता. "काय गं, पिंपाला इंजेक्शन देतेस का?"

"तू तुझं काम कर."

"चेहरा बघ आरशात. उपटणार कुणाला आहेत, काळीला की तुला?"

एरवी तिनं चार शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी ती नुसती फरशी पुसत राहिली. जिनेस जरा घाबरलाच, टोपी डोक्यावर मागं-पुढं करत निघून गेला.

पण बुधवारी संध्याकाळपर्यंत तिला एक युक्ती सुचली होती. कोठाराच्या किल्लीबरोबर तिच्याकडे एक जुनं तांब्याचं नाणं असायचं, आजोबांच्या काळातलं, भोक पाडून दोऱ्यात ओवलेलं. तेही उर्बेंनीच दिलेलं. घाण मारणारी वाईन पेल्यात घ्यायची, तांबं टाकायचं, हलवायचं. नुसती कोंडलेली असेल तर दोन मिनिटांत वास जातो. आतून नासली असेल तर तांबंही काही करू शकत नाही. सिल्वेतनं ठरवलं, सकाळी काळी सुरईत काढायची, नाणं टाकून हलवायची, नाणं काढून घ्यायचं. पाहुण्यांना सुरईतूनच वाढायचं. कुणाला काय कळतंय?

गुरुवारी सकाळी तसंच केलं. सुरईला नाक लावलं, वास बराचसा गेला होता. तिला हायसं वाटलं. पाच सुरया ओळीनं मांडल्या, पाव कापला, थुंकायला वाळूची बादली ठेवली.

अकराला केर्द्रों आला. ब्रेतान्य प्रांतातला उंच, वाकलेला माणूस, गावोगाव कोठारं हिंडून वाईनला औषधपाणी सांगणारा. त्यानं ओळीतल्या सुरया बघितल्या आणि गोड हसला.

"छान मांडलंय हो, मादाम आझेमा. पण मी सुरईतलं घेत नाही. आधीपासून हवा खात बसलेली वाईन म्हणजे पावडर लावून फोटोला बसलेली बाई. मला उठल्या उठल्या बघायची असते." आणि त्यानं पिशवीतून आपली काचेची नळी काढली.

सिल्वेत भिंतीला टेकून उभी राहिली.

पाटी झाली. केर्द्रोंनी खुळखुळवली, थुंकली, मान डोलावली. "ताठ आहे. पाठीचा कणा आहे हिला." चुना झाला, "थंड, स्वच्छ, जरा गर्विष्ठ." गोट्यांची ब्लांदीनलाही आवडली, तिनं चक्क गिळली. तांबडी चाखून केर्द्रों म्हणाला, "जाडजूड, प्रेमळ. हिच्याबरोबर रविवारी जेवायला बसावं." सिल्वेतला त्यांतला एक शब्द नीट ऐकू येत नव्हता. तिचं लक्ष शेवटच्या पिंपाकडे होतं.

केर्द्रोंनी काळीचं बूच काढलं. नळी घातली. पेला नाकाशी नेला आणि लगेच खाली घेतला.

"अरेरे," तो म्हणाला.

ब्लांदीननं वास घेतला आणि तोंड फिरवलं. "हे काय? अंडं?"

"एरवी मी म्हटलं असतं, कोंडलीये, पालट करा," केर्द्रों म्हणाला. "पण पालटानंतरही असा वास राहतो म्हणजे दुखणं खोल गेलंय. अशी वाईन दरवर्षी असंच करत असेल तर तुकड्यातच काही तरी आहे. वाईट वाटतं सांगायला."

ब्लांदीननं कागद काढला. पेन्सिल नव्हे, पेन काढलं.

सिल्वेतला वाटलं, आता ओरडावं, नाहीतर पळावं. तिच्या डोळ्यांपुढं कातळ, पहार, ती थंडी, उर्बेंचे रक्ताळलेले हात सगळं एकदम आलं. पेन कागदाला टेकलं.

"पालट झालेला नाही," ती म्हणाली.

दोघंही वळले.

"काय?"

"काळीचा पालट झालेला नाही. मी खोटं बोलले. चार-पाच तारखेला वारा होता, तेव्हा करायला हवा होता. मी केला नाही. दोष तिचा नाही. माझा आहे. मला काढा, पण तिला उपटू नका." एवढं एका श्वासात बोलून तिला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा तिला भयंकर राग आला.

"का नाही केलात?" ब्लांदीनचा आवाज बर्फासारखा.

"चंद्र चढता होता."

केर्द्रोंच्या ओठाचा कोपरा हलला, पण तो भला माणूस, हसला नाही. ब्लांदीन मात्र लालबुंद झाली. "चंद्र? माझ्या तोंडावर सांगितलंत की झालाय, आणि कारण काय तर चंद्र?"

सिल्वेत किल्लीच्या दोऱ्यातून नाणं सोडवायला गेली तर गाठ सुटेना. शेवटी दातांनी दोरा तोडला. केर्द्रोंच्या हातातला पेला घेतला आणि नाणं आत टाकलं. टण्ण आवाज झाला.

"हं," केर्द्रों हळूच म्हणाला. "हे बरोबर आहे. दोन मिनिटं."

ती दोन मिनिटं! सकाळी सुरईतला वास गेला होता, पण बराचसा म्हणजे सगळा नव्हे. पहाटेपासून ती स्वतःला सांगत होती की गेला, गेला. आणि नसेल गेला तर? वीस दिवस गाळावर जास्त बसली काळी. आतून नासली असेल तर? मग खोटंही आपलं आणि खूनही आपलाच. ती पेला गोल गोल फिरवत राहिली. नाणं काचेवर घासत होतं. ब्लांदीन हाताची घडी घालून उभी होती.

केर्द्रोंनी पेला घेतला. नाक आत घातलं. बराच वेळ ठेवलं. मग चाखली, आणि थुंकायचं विसरला. काही न बोलता पेला ब्लांदीनकडे दिला.

ब्लांदीननं वास घेतला. एकदा, परत एकदा. तिचा चेहरा हळूहळू सैल पडला. "हा..." ती म्हणाली आणि थांबली. "हा काकांच्या कोटाचा वास आहे. छाटलेल्या काटक्या जाळून यायचे ना, तेव्हाचा. आणि खिशात काळी ऑलिव्ह."

"हो," सिल्वेत म्हणाली. "ती अशीच असते."

"नासलेली नाही," केर्द्रों म्हणाला. "उलट, मला विचाराल तर पाचांत हीच."

ब्लांदीननं कागदावरचं 'काळी?' खोडरबरानं पुसलं. नीट, कडेकडेनं पुसलं. मग सिल्वेतकडे न बघता म्हणाली, "उपटायचं कुठल्याला ते नंतर बघू. सोमवारी काळीचा पालट करायचा. वारा कुठलाही असो. यापुढं तारखा मॉस्यू केर्द्रों ठरवतील. आणि ते कॅलेंडर काढा दारावरून." जाता जाता दारात थांबली. "किल्ली तुमच्याकडेच राहू दे. पण परत मला खोटं सांगू नका, सिल्वेत. मला तुम्हाला काढायचं नाहीये."

काळी वाचली. सिल्वेतला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण रात्रंदिवस एकच डाचत होतं, की म्हाताऱ्याला सांगायचं राहिलंय. ज्यानं चंद्र शिकवला त्याला जाऊन सांगायचं की चंद्र दारावरून उतरला, आणि त्या चंद्रापायीच मी तुमची काळी घालवत होते.

रविवारी ती वृद्धाश्रमात गेली. बसली नाही, उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. वारा, चंद्र, खोटी मान, नाणं, ब्लांदीन. म्हातारा ऐकत होता. मध्ये एकदा घोंगडी सारखी केली.

"थांब," तो शेवटी म्हणाला. "चार तारखेला वरचा वारा होता, आणि तू पालट केला नाहीस?"

"चंद्र चढता होता, मालक."

"मग?"

"मग म्हणजे? तुम्हीच तर शिकवलंत."

म्हाताऱ्यानं तोंडावरून हात फिरवला. हसू आवरत होता की आणखी काही, तिला कळेना. "पोरी, मी जन्मात चंद्र बघितला नाही. वारा आला की पालट. माझा बाप तेच करायचा."

सिल्वेत खाली बसली. "पण पहिल्या वर्षी तुम्ही मला सांगितलं होतं. बोट ठेवून दाखवलं होतं कॅलेंडरवर."

"दाखवलं होतं. आठवतं मला." म्हातारा हळू बोलत होता. "तो नालायक तुला टाकून गेला होता. तू सगळ्याला घाबरायचीस. नळ बंद केला की परत बघ, दार लावलं की परत बघ. रोज विचारायचीस, वारा कधी येणार, कधी येणार. आता वारा कधी येणार ते मी काय सांगू? कुणाला सांगता येतंय? तुझे हात असे कापायचे की पंप धरवत नव्हता. म्हटलं, हिला धरायला काहीतरी द्यावं, जे ठरल्या वेळी येतं. म्हणून चंद्र दिला."

"आणि तेहतीस वर्षं?"

"दरवर्षी जमून जायचं. उतरत्या चंद्रात कधी ना कधी वारा यायचाच. तुझे हात थांबले होते. मग कशाला सांगू?" तो जरा थांबला. "सांगायला हवं होतं. चुकलं माझं, पोरी."

सिल्वेतनं त्याचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. तिला रागही आला होता आणि त्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसंही वाटत होतं. तेवढ्यात मागच्या बाजूची, डोंगराकडची खिडकी खाडकन आपटली. जवळजवळ तीन आठवडे ती खिडकी हलली नव्हती. पुन्हा आपटली.

म्हाताऱ्यानं मान वर केली. "वारा कुठला?"

सिल्वेत उठून खिडकीशी गेली. बोट ओलं करायची गरज नव्हती. गार, कोरडी हवा थेट तोंडावर आली. "वरचा, मालक."

"मग इथं काय करत बसलीयेस?"

"आज रविवार आहे. आणि चंद्र..." ती बोलता बोलता थांबली. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे चंद्र पुन्हा चढता.

"जिनेसला फोन कर," म्हातारा म्हणाला. "शिव्या देईल, पण येईल. पळ."

तिनं पाकीट उचललं, म्हाताऱ्याच्या कपाळाला ओठ टेकले आणि बाहेर पडली. खोलीचं दार ओढून घेतलं. चार पावलं गेली, आणि तशीच पुढं चालत राहिली.